लखोटा आणि मजकूर

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक गोष्ट अनुभवाने पुरती ठाऊक असते. नियमावली सर्वत्र एकच असते. बदलते ते गावाचे नाव, हिशेबाचा महिना आणि सही करणाऱ्याचा हुद्दा. शिलाँगच्या कचेरीतील पगारपत्रकाचे रकाने आणि जोधपूरच्या कचेरीतील पगारपत्रकाचे रकाने यांत फरक नसतो. नव्या ठिकाणी रुजू झालेला अधिकारी नियम नव्याने रचीत बसत नाही. छापील नमुन्यात जेथे जागा कोरी सोडलेली असेल तेथे तो नव्या जागेचे तपशील भरतो आणि कामास लागतो. परंतु ही कोरी जागा कोठे ठेवावयाची, ती भरण्याचा अधिकार कोणाचा, आणि भरताना छापील मजकुरास धक्का लागणार नाही याची हमी कोणी द्यावयाची, हे प्रश्न वाटतात तितके लहान नाहीत. राज्यकारभाराची बरीचशी शिस्त या प्रश्नांच्या उत्तरांत सामावलेली असते.

हेच प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यानंतर एका निराळ्याच कारभारापुढे उभे राहिले. ज्यांना मेनफ्रेम म्हणतात त्या मोठ्या संगणकांवर रात्रीमागून रात्र तोच प्रोग्राम चालत असे. बदलावयाचा तो फक्त दिनांक, विभागाचा क्रमांक किंवा हिशेबाचा महिना. हा चार-सहा अक्षरांचा तपशील बाहेरच्या हुकमातून प्रोग्रामच्या हाती कसा पोचवावयाचा? प्रश्न एवढाच. परंतु आयबीएम कंपनीच्या यंत्रकुळात त्याचे पुरते उत्तर मिळावयास १९६४ पासून २०१३ पर्यंतचा काळ जावा लागला. पन्नास वर्षांच्या या दिरंगाईत आळस थोडा आणि तत्त्व अधिक होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या तत्त्वाची किंमत काय पडली हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

१

प्रारंभीच्या काळी ही अडचण जाणवण्याचे कारण नव्हते, कारण प्रोग्राम लिहिणारा मनुष्य स्वतःच यंत्रापाशी उभा असे. १९५४ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०४ या यंत्रावर काम करावयाचे म्हणजे आधी वेळ राखून ठेवावयाची, आपल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन जावयाचे, चुंबकीय फिती चढवावयाच्या आणि आपले काम आपणच चालवावयाचे. त्या यंत्राच्या दर्शनी फलकावर सहा खटके असत. प्रोग्राम चालू असताना अमुक खटका वर आहे की खाली आहे हे विचारू शके आणि त्याप्रमाणे आपली वाट बदली. १९५७ साली याच यंत्रासाठी फोरट्रान ही भाषा बाहेर पडली, तेव्हा खटक्याची स्थिती तपासणारे एक स्वतंत्र वाक्य तिच्यात ठेवलेले होते. बाहेरचा मनुष्य चालू प्रोग्रामला आपली इच्छा कळवितो, याचा हा एक आद्य प्रकार म्हणावयास हरकत नाही.

परंतु सहा खटक्यांच्या चौसष्टच मांडण्या होतात. त्यांतून होय किंवा नाही एवढे सांगता येते; दिनांक सांगणे कठीण. शिवाय खटका हा बोलून चालून खटका. आधीच्या मनुष्याने वर केलेला खटका खाली करावयाचा राहून गेला, तर पुढच्याचे काम भलत्याच वाटेने जाई आणि कागदावर त्याची कोणतीही निशाणी उरत नसे.

याहून मोठी अडचण वेळेची होती. एक मनुष्य फिती उतरवीत आहे, दुसरा चढवीत आहे, आणि लक्षावधी डॉलरचे यंत्र स्वस्थ बसून आहे, हे चित्र वापरणाऱ्या कंपन्यांना परवडणारे नव्हते. म्हणून १९५६ साली जनरल मोटर्सचे रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनचे ओवेन मॉक यांच्या पुढाकाराने एक देखरेख करणारा प्रोग्राम तयार झाला. एक काम संपताच दुसरे काम त्याने आपोआप सुरू करावे अशी ती योजना होती. हे काम यंत्र विकणाऱ्या आयबीएमने केले नाही, यंत्र विकत घेणाऱ्यांनी केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मनुष्य यंत्रापासून दूर झाला आणि त्याच क्षणी त्याच्या सूचना कागदावर उतरविणे भाग पडले. एका फितीवर वीस जणांची कामे एकापाठोपाठ एक असता एकाचे काम कोठे संपते, दुसऱ्याचे कोठे सुरू होते, कोणता प्रोग्राम चालवावयाचा आहे आणि त्याचा मजकूर कोणता, हे देखरेखीच्या प्रोग्रामला कळले पाहिजे. त्यासाठी हुकमाची कार्डे निराळी आणि मजकुराची कार्डे निराळी झाली. पुढे आयबीएम ७०९० या यंत्रावर चालणाऱ्या आयबीसिस या प्रणालीत हुकमाच्या कार्डाच्या पहिल्या रकान्यात डॉलरचे चिन्ह असे. ते चिन्ह दिसले की देखरेखीच्या प्रोग्रामने कार्ड स्वतः वाचावयाचे. ते नसेल तर कार्ड चालू कामाच्या स्वाधीन करावयाचे.

येथे लखोटा जन्मास आला. लखोट्यावरचा पत्ता टपालखात्याने वाचावयाचा. आतील मजकूर ज्याचा त्याने. पत्ता चुकला तर टपालखाते तो दुरुस्त करील, पत्र दुसऱ्या गावी फिरवील. पण पाकीट फोडून आतील एक अक्षरही बदलणार नाही. पुढील सर्व कथा या एका संकेताभोवती फिरते.

२

मग बदलता तपशील कोठे लिहावयाचा? लोकांनी सोपी वाट काढली. मजकुराच्या गठ्ठ्यातील पहिलेच कार्ड तपशिलाचे ठेवावयाचे. प्रोग्रामने आधी ते वाचावे, त्यावरून दिनांक किंवा विभाग समजून घ्यावा आणि मग उरलेली कार्डे हाताळावीत. १९५९ साली आलेल्या आयबीएम १४०१ या व्यवहारोपयोगी यंत्रावर ही रीत सर्रास होती. आपल्या देशात १९६० च्या दशकात भारतीय रेल्वेने आपल्या क्षेत्रीय कचेऱ्यांत ही १४०१ यंत्रे आणली आणि पगारपत्रके व मालवाहतुकीचे हिशेब त्यांवर होऊ लागले, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल.

ही रीत साधी खरी, पण तिच्यात एक खोट होती. दिनांकाचे कार्ड रोज नवे छिद्रित करून गठ्ठ्याच्या डोक्यावर ठेवावे लागे. ते ठेवावयाचे राहिले आणि कालचेच कार्ड जागेवर राहिले, तर यंत्र कुरकूर करीत नसे. ते कालच्या दिनांकाने आजचा हिशेब करी. बेरजा जुळत, रकाने सरळ येत, छपाई स्वच्छ होई; फक्त सर्व चुकीचे असे. जी चूक आपण होऊन ओरडत नाही ती कारभारात सर्वांत घातक, हे हिशेबाच्या खात्यात काम केलेल्यांना सांगावयास नको. चार अक्षरांच्या तपशिलावर हजारो माणसांचा पगार, विम्याचा हप्ता किंवा व्याजाची आकारणी अवलंबून असे. तो तपशील कोणी, कोठे आणि केव्हा भरला याचे उत्तर कागदोपत्री असणे किती अगत्याचे आहे, हे यावरून दिसून येईल.

३

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच कुळातील यंत्रे, आणि एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालावा अशी प्रतिज्ञा, हे तिचे वैशिष्ट्य. तिच्यासाठी ओएस/३६० ही विस्तीर्ण कार्यप्रणाली योजली गेली आणि तिच्या बांधणीचे नेतृत्व फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होते. तिची पहिली आवृत्ती १९६६ साली लोकांच्या हाती पडली. हुकमाच्या कार्डांसाठी तिने जी भाषा आणली ती जॉब कंट्रोल लँग्वेज, म्हणजेच जेसीएल.

जेसीएलचे मुख्य शब्द तीनच. जॉब हे कार्ड काम कोणाचे ते सांगते. एक्झेक हे कोणता प्रोग्राम चालवावयाचा ते सांगते. आणि डीडी हे त्या प्रोग्रामला लागणारी फाईल प्रत्यक्षात कोणती ते सांगते. प्रत्येक कार्डाच्या पहिल्या दोन रकान्यांत दोन तिरक्या रेघा असतात. त्या दिसल्या की ते लखोट्यावरचे लेखन समजावयाचे. ऐंशी रकान्यांच्या कार्डावर हुकूम एकाहत्तराव्या रकान्याच्या आत संपला पाहिजे. गठ्ठा हातातून पडून कार्डे विस्कटली, तर ती पुन्हा लावण्यासाठीचे क्रमांक शेवटच्या आठ रकान्यांत लिहीत.

यांपैकी डीडी कार्डाची कल्पना मोठी होती हे मान्य केले पाहिजे. प्रोग्राम स्वतः कोणत्याही खऱ्या फाईलचे नाव घेत नाही. तो फक्त एक टोपणनाव उच्चारतो. त्या टोपणनावामागे आज कोणती फीत आणि उद्या कोणती तबकडी हे डीडी कार्ड ठरविते. त्यामुळे तोच प्रोग्राम एका अक्षराचाही बदल न करता चाचणीच्या फाईलवरही चालतो आणि खऱ्या खातेवहीवरही. फायलींच्या बाबतीत कोरी जागा कोठे असावी या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर त्यापूर्वी कोणी दिले नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण तपशील हा फाईल नव्हे. त्यासाठी एक्झेक कार्डावर पार्म या नावाची एक छोटी खिडकी ठेवण्यात आली. तीत लिहिलेला मजकूर प्रणाली प्रोग्रामच्या स्वाधीन करते. स्वाधीन करण्याची रीत मोठी मजेशीर आहे. प्रोग्राम सुरू होताना पहिल्या क्रमांकाच्या रजिस्टरात एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर गेले असता दुसरा पत्ता मिळतो. आणि त्या दुसऱ्या पत्त्यावर आधी दोन बाइटांत मजकुराची लांबी आणि तिच्यामागोमाग खुद्द मजकूर असतो. कोबोल भाषेत लिहिणाऱ्याने लिंकेज सेक्शन नावाच्या भागात ही लांबी व हा मजकूर यांचे वर्णन करावयाचे असते. लांबी न पाहता जो मजकूर वाचावयास जाईल त्याच्या हाती मजकुरापलीकडचा केरकचराही येतो, हा धडा नवशिक्यांना हमखास मिळत असे.

या खिडकीची मर्यादा होती शंभर अक्षरांची. मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह आले तर ते दोनदा लिहावे लागे. दिनांक आणि विभाग यांना शंभर अक्षरे पुष्कळ झाली. परंतु ज्या प्रोग्रामला वीस-पंचवीस निवडीचे नियम सांगावयाचे त्याचे एवढ्यात भागत नसे. क्रमवारी लावणारे, नकला करणारे, जमाखर्चातून नोंदी निवडणारे जे सर्वोपयोगी प्रोग्राम होते, ते आपल्या सूचना सिसइन नावाच्या फाईलमधून, ओळीमागून ओळ, वाचीत. म्हणजे तपशील पुन्हा लखोट्याच्या आतच गेला.

४

आता कथेचा मुख्य पेच येतो. एकच कामांची मालिका निरनिराळ्या विभागांसाठी पुन्हा पुन्हा चालवावयाची असल्याने ती एकदाच लिहून ग्रंथालयात ठेवण्याची सोय ओएस/३६० मध्ये झाली. या लेखनास प्रोसीजर म्हणत. तीत जेथे तपशील बदलावयाचा तेथे अँपरसँडचे चिन्ह देऊन एक सांकेतिक नाव लिहावयाचे. मागणी करणाऱ्याने त्या नावाची किंमत सांगितली की प्रणाली त्या जागी ती किंमत बसवून देते. छापील नमुन्यातील कोरी जागाच ही. तिला व्याकरणही होते. सांकेतिक नाव कोठे संपले हे कळावे म्हणून त्याच्यामागे एक बिंदू द्यावयाचा आणि किंमत बसविताना तो बिंदू नाहीसा व्हावयाचा. पण फाईलच्या नावाचे भागही बिंदूनेच जोडलेले असतात, म्हणून तेथे दोन बिंदू लिहावे लागत. एक बिंदू विसरल्यामुळे रात्रीचे काम पहाटेपर्यंत खोळंबले, असे प्रसंग या धंद्यातील प्रत्येकाच्या गाठी असतात.

अशी उत्तम सोय हाती आल्यावर साहजिकच कोणासही वाटावे की सांकेतिक नाव सिसइनच्या मजकुरातही लिहावे. लखोट्यावर विभागाचे नाव एकदा सांगितले की पत्त्यातही ते भरले जावे आणि आतील पत्रातही. परंतु तसे होत नसे. लखोट्यावरील सांकेतिक नाव बदले. आतील मजकुरात ते अँपरसँडसकट जसेच्या तसे राही, आणि बिचारा प्रोग्राम त्या अगम्य शब्दाकडे पाहून कामास नकार देई. पिढ्यान्‌पिढ्या नवे लोक हा प्रयोग करून पाहत आणि पिढ्यान्‌पिढ्या जुने लोक त्यांना तेच उत्तर देत.

याचे कारण यंत्राच्या अंतर्गत कार्यक्रमात दडलेले होते. काम आत येताच प्रणालीचा पहिला कारकून हुकमाची कार्डे एका ढिगात आणि मजकुराची कार्डे दुसऱ्या ढिगात लावी. मजकूर तबकडीवर मोहोरबंद करून ठेवी. ह्यूस्टन येथील अवकाशकेंद्रातील कामासाठी आयबीएमच्या लोकांनी रचलेल्या हॅस्प या प्रोग्रामपासून, त्याचाच वंशज जो जेइएस२ त्याच्यापर्यंत, ही पद्धत चालत आली. सांकेतिक नावांचा अर्थ लावणारा दुसरा कारकून यानंतर कामास लागे आणि त्याच्यापुढे फक्त हुकमांचा ढीग येई. म्हणजे नावांच्या किमती ज्या वेळी कळत त्या वेळी मजकूर आधीच कुलपात गेलेला असे.

पण हे केवळ क्रमाचे कारण झाले. त्यामागे तत्त्वही होते. मजकूर ज्याचा आहे त्याचाच. त्यात काय लिहिले आहे हे प्रणालीस ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे प्रयोजनही नाही. मजकुरात अँपरसँड आले तर ते सांकेतिक नावाचे आहे की एखाद्या व्यापारी पेढीच्या दोन भागीदारांच्या नावांमधले आहे, हे टपालवाल्याने कसे ओळखावे? त्याने भाबडेपणाने दोन्ही बदलली तर पेढीच्या खातेदाराचे नावच पालटावयाचे. मजकुराचा मान राखण्याची ही वृत्ती जेसीएलमध्ये इतकी खोल गेली होती की, मजकुराच्या ओळीतच दोन तिरक्या रेघा आल्या तर काय करावे आणि समाप्तीचे चिन्हच मजकुरात आले तर ते चिन्ह बदलून कसे घ्यावे, यांचेही नियम तीत केलेले होते.

५

तत्त्व चोख होते. परंतु गरज तत्त्वास भीक घालीत नाही. सरळ वाट बंद झाली की आडवाटा पडतात, आणि येथे त्या पुष्कळ पडल्या.

पहिली वाट नकलांची. विभाग बारा असतील तर मजकुराच्या बारा नकला करून ग्रंथालयात बारा नावांनी ठेवावयाच्या आणि लखोट्यावरील सांकेतिक नावाने त्यांतली योग्य ती निवडावयाची. आतील अक्षर बदलता येत नाही, पण कोणते पत्र घालावयाचे हे तरी सांगता येते. ही युक्ती वरकरणी निर्दोष. पण नियमात एक दुरुस्ती झाली की ती बारा ठिकाणी करावयाची. आणि अकरा ठिकाणी केली, बारावी राहिली, तर तो बारावा विभाग वर्षभर जुन्या नियमाने चाले.

दुसरी वाट दुभाष्याची. पार्मच्या खिडकीतून तपशील घेणारा एक लहानसा प्रोग्राम आधी चालवावयाचा. त्याने तो तपशील मजकुरात गुंफून एक तात्पुरती फाईल लिहावयाची. आणि मग मुख्य प्रोग्रामने ती सिसइन म्हणून वाचावयाची. असे दुभाषे हजारो ठिकाणी, हजारो हातांनी, एकमेकांस न सांगता लिहिले गेले. लिहिणारा नोकरी सोडून गेला, त्याच्या टिपणाचा कागद हरवला, आणि दुभाषा मात्र रात्रीच्या कामात मुकाट्याने उभा राहिला, असे पुष्कळदा झाले.

तिसरी वाट माणसाची. संध्याकाळी पाळीवरच्या मनुष्याने मजकूर उघडावा, दिनांक हाताने बदलावा, मिटावा आणि काम सोडावे. कार्डाच्या युगात जे होत होते तेच पडद्याच्या युगात होऊ लागले. प्रणालीने पाकीट फोडावयाचे नाही असा नियम करणाऱ्यांनी, ते रोज संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी फोडावे याची जणू तजवीजच करून ठेवली. पुढे कामांचे वेळापत्रक सांभाळणारे स्वतंत्र प्रोग्राम बाजारात आले आणि काम प्रणालीकडे सोपविण्यापूर्वीच मजकुरातील खुणा बदलून देऊ लागले. ते टपालात टाकण्यापूर्वी पत्र लिहिणारे लेखनिक झाले. ही वाट त्यांतल्या त्यात सभ्य होती.

या आडवाटांचा हिशेब विसाव्या शतकाच्या अखेरीस द्यावा लागला. वर्ष दोनच आकड्यांत लिहिण्याची जुनी सवय १९९९ नंतर अनर्थ करील हे ध्यानात आल्यावर जगभरच्या जुन्या प्रोग्रामांची झडती सुरू झाली. १९७८ साली आयबीएमने भारतातून आपला कारभार आवरता घेतला होता. तरीही १९९० च्या दशकात याच आयबीएमच्या परदेशस्थ यंत्रांवरील कोबोल आणि जेसीएल तपासण्याचे केवढे तरी काम भारतीय तंत्रज्ञांकडे आले, आणि मुंबई-पुण्याच्या मराठी मुलामुलींचा त्यात चांगला वाटा होता. प्रोग्रामातील दिनांक शोधणे त्या मानाने सोपे होते. तेथे त्यास नाव असे. परंतु तपशिलाच्या कार्डातून, पार्मच्या खिडकीतून आणि निनावी दुभाष्यांच्या पोटातून येणारा दोन आकडी दिनांक हुडकून काढावयाचा, तर एकेक काम लखोट्यापासून मजकुरापर्यंत हाताने उलगडावे लागे. तत्त्वाच्या अंगणात न मावलेली गरज कोठे कोठे जाऊन लपली होती ते त्या वेळी दिसून आले.

६

दुसऱ्या एका घराण्यात हाच प्रश्न फार लवकर सुटला होता. युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांची हुकूमभाषा आली. तीत हुकमातच मजकूर लिहिण्याची सोय होती आणि त्या मजकुरातील सांकेतिक नावे आपोआप बदलली जात. मजकूर जसाच्या तसा राहावा अशी इच्छा असेल, तर समाप्तीच्या खुणेस अवतरणचिन्ह देऊन तसे सांगावयाचे. म्हणजे तेथे पाकीट उघडे असणे हा नियम आणि मोहोर लावणे हा अपवाद. मेनफ्रेमच्या घराण्यात याच्या अगदी उलट होते, आणि अपवादच नव्हता.

तो अपवाद अखेरीस आला. २०११ सालच्या झेड/ओएस १.१३ या आवृत्तीने जेइएस२ खाली प्रोसीजरच्या आत मजकूर लिहिण्यास मुभा दिली. तोपर्यंत तीही नव्हती. २०१३ सालच्या २.१ या आवृत्तीने दोन गोष्टी केल्या. पार्मच्या शंभर अक्षरांच्या खिडकीशेजारी पार्मडीडी नावाचा दरवाजा उघडला, ज्यातून ३२,७६० अक्षरांपर्यंतचा तपशील फाईलमधून पाठविता येतो. आणि मजकुरातील सांकेतिक नावे बदलून देण्याची तयारी प्रणालीने प्रथमच दाखविली.

ही तयारी कशी दाखविली ते पाहण्यासारखे आहे. कामाच्या हुकमात एक्सपोर्ट नावाचे वाक्य लिहून अमुक अमुक नावे मजकुराकडे जाऊ द्यावीत असे स्पष्ट सांगावे लागते. सांगितले नाही तर एकही नाव जात नाही. शिवाय ज्या मजकुरात बदल करावयाचा त्याच्या डीडी कार्डावर सिंबॉल्स या शब्दाने तशी परवानगी द्यावी लागते. न दिल्यास मजकूर पूर्वीसारखाच मोहोरबंद राहतो. म्हणजे देणाऱ्याची संमती निराळी आणि घेणाऱ्याची निराळी. हवे असल्यास, कोठे काय बदलले याची नोंद एका स्वतंत्र फाईलमध्ये लिहून घेण्याचीही सोय आहे. बदल केल्याने ओळ ठरलेल्या लांबीबाहेर जाणार असेल, तर प्रणाली ती गुपचूप छाटीत नाही.

पार्मडीडीच्या बाबतीतही असाच विवेक केला आहे. जुन्या प्रोग्रामांनी शंभर अक्षरांची हमी गृहीत धरून तेवढीच जागा राखलेली होती; त्यांच्या हाती एकाएकी मोठा मजकूर दिला तर तो शेजारच्या स्मृतीवर सांडावयाचा. म्हणून विशेष अधिकार असलेल्या प्रोग्रामांना, ते लांब मजकूर झेलावयास समर्थ आहेत अशी खूण त्यांच्यावर आधीच केलेली असल्याखेरीज, शंभराहून अधिक अक्षरे दिली जात नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या गृहीताचा असा मान राखला गेला.

७

ही कथा सांगून निष्कर्ष काय काढावयाचा? ब्रुक्स यांनी आपल्या उत्तरायुष्यात, २०१० सालच्या ग्रंथात, जेसीएलवर अत्यंत कठोर टीका केली आणि ती आपल्याच देखरेखीखाली घडली हेही मोकळेपणाने मान्य केले. त्यांच्या मते मूळ चूक अशी की, आपण एक भाषा घडवीत आहोत हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. दोन-चार हुकमांची कार्डे एवढेच तिचे रूप सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. २०२२ साली ब्रुक्स निवर्तले. त्यांनी ज्या भाषेला नावे ठेवली ती मोठमोठ्या बँकांत आणि विमा कंपन्यांत आजही रोज रात्री चालते.

ब्रुक्स यांची कबुली खरी मानूनही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मजकुरास हात लावावयाचा नाही हा नियम मुळात चुकीचा नव्हता. ज्या कारभारात लक्षावधी लोकांचे पैसे कागदाच्या एका ओळीवर अवलंबून असतात, तेथे त्या ओळीत कोणी परस्पर बदल करू नये हा आग्रह योग्यच होय. चूक दुसरीकडे झाली. बदल करण्याची खरी, रोजची गरज असताना तिला अधिकृत वाट ठेवली नाही; आणि गरज काही थांबली नाही. ती नकलांच्या, निनावी दुभाष्यांच्या आणि संध्याकाळच्या हातदुरुस्तीच्या रूपाने नियमाच्या पाठीमागून गेली. नियमाने बदल थांबला नाही. बदलाची नोंद तेवढी थांबली.

२०१३ सालच्या उत्तराचे मर्म मला यातच दिसते. मोहोर कायम ठेवून, ती कोणी, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या नोंदीसह उघडावी हे त्याने सांगितले. आपल्यापैकी ज्यांनी दूरच्या प्रांतात एखाद्या कचेरीची सूत्रे हाती घेतली असतील, त्यांना तेथल्या जुन्या नियमावलीच्या समासात पेन्सिलीने केलेल्या, सही-तारीख नसलेल्या दुरुस्त्या आठवतील. त्या बहुतेक वेळा योग्य असतात आणि कोणाच्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. अशा दुरुस्त्या खोडून टाकणारा अधिकारी कडक म्हणून ओळखला जातो. त्यांच्यासाठी नमुन्यात एक कोरी जागा आणि तिच्याशेजारी सहीची रेघ छापून घेणारा अधिकारी बदलून गेल्यावर फारसा कोणास आठवत नाही. पण त्याच्यामागून येणाऱ्याचे काम सुकर झालेले असते.